रुपयात किती आणे

“‘एन्टायरली’ नको, सर,” मी म्हणालो. “ते फार होईल.”

प्राचार्य रिसबुडांनी चष्मा कपाळावर ढकलला. त्यांच्या केबिनमध्ये आम्ही दोघेच होतो. टाइपरायटर माझ्यापुढे, त्यात कागद अडकवलेला, आणि कागदावरचं शेवटचं वाक्य मध्येच थांबलेलं. मुलींच्या वसतिगृहात झालेल्या विषबाधेला स्वयंपाकीण श्रीमती हौसाबाई नलवडे अमुक इतक्या जबाबदार आहेत, असं ते वाक्य होतं. ते ‘अमुक इतक्या’ कुठल्या इंग्रजी शब्दात बसवायचं, एवढंच राहिलं होतं. अहवालाची बाकीची चार पानं तयार होती.

“मग तुमच्या मते काय हवं?” रिसबूड म्हणाले. “इंग्रजीचे प्राध्यापक तुम्ही, ओगले. शब्द तुम्ही निवडा. फक्त एक लक्षात ठेवा. मुंबईची मंडळी शेवटचा परिच्छेदच वाचतात. त्यातलंही शेवटचं वाक्य.”

मुंबईची मंडळी म्हणजे आमच्या संस्थेचं कार्यकारी मंडळ. कॉलेज सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, पण त्याचं भलंबुरं ठरायचं मुंबईत, आणि ते इंग्रजीतच ठरायचं. साल अठ्ठ्याऐंशी, फेब्रुवारी महिना.

केबिनच्या खिडकीतून बाहेरचा व्हरांडा दिसत होता. तिथे शिपायाच्या बाकावर हौसाबाई बसल्या होत्या. चाळिशीच्या, काटक, हिरवं इरकली लुगडं, डोक्यावरून पदर. अहवाल झाला की तो संबंधित माणसाला त्याच्या भाषेत वाचून दाखवायचा आणि मग त्याची सही घ्यायची, असा संस्थेचा नियम होता. त्या सहीसाठी त्यांना अकरा वाजता बोलावलं होतं. आता दोन वाजत आले होते. एवढ्या वेळात त्यांनी बाकाला पाठ टेकलेली मी पाहिली नव्हती.

झालं होतं असं. आदल्या सोमवारी संध्याकाळी जेवण झाल्यावर वसतिगृहातल्या चौतीस मुलींना उलट्या-जुलाब सुरू झाले. ग्रामीण रुग्णालयातल्या खाटा पुरेनात, म्हणून मुली व्हरांड्यात सतरंज्यांवर झोपवल्या. एकीला साताऱ्याला हलवावं लागलं. देवाची कृपा, सगळ्या बऱ्या झाल्या. पण पालक आले, आरडाओरडा झाला, वर्तमानपत्रात चौकट आली. विद्यापीठाने खुलासा मागवला. प्राचार्यांनी दोघांची चौकशी समिती नेमली. अध्यक्ष ते स्वतः, सदस्य-सचिव मी.

मला का घेतलं, हे मला तेव्हाही कळत होतं. मुलं माझ्या माघारी मला ‘डिक्शनरी’ म्हणत आणि मला ते आवडे. शिवाय मी हंगामी होतो. तीन वर्षं दर जूनमध्ये माझी नव्याने नेमणूक होई, आणि येत्या जूनमध्ये मला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे रिसबुडांच्या शिफारशीवर होतं. घरी कुमुदला सातवा महिना होता. पाण्यात राहून माशाशी वैर करण्याची ती वेळ नव्हती, असं मी स्वतःला बजावत असे. खरं सांगायचं तर तशी वेळ माझ्या आयुष्यात पुढेही कधी आली नाही.

चौकशी आम्ही तशी नीट केली. हौसाबाईंचा जबाब मीच घेतला, मेसच्या भटारखान्यात, त्या कांदा चिरत असताना.

“सर, लपवायचं काय?” त्या म्हणाल्या. “दुपारची आमटी उरली हुती. ती टाकवंना. रातच्याला त्यातच पानी वाढवून उकळी आनली. ती चूक माझी. उनाचं दीस सुरू झाल्यात, शिळं वाढाय नगं हुतं.”

“उकळी चांगली आली होती का?”

“आली की. पर बारा आणे. सोळा आणे न्हाई. गॅस संपत आलावता.”

हौसाबाई सगळं आण्यांत मोजत. रुपया पैशांचा होऊन तीस वर्षं झाली होती, पण त्यांचा भात अजून बारा आणे शिजे आणि आमटीत मीठ चौदा आणे पडे. भात बारा आणे शिजला की त्या आच काढत, उरलेले चार आणे वाफेवर. मुली त्यांची चेष्टा करत. “मावशी, आज आमची भूक अठरा आणे आहे,” असं ताट पुढे करून म्हणत. त्यावर हौसाबाई, “आन् अभ्यास गं, भवाने? दोन आणे तरी हाय का?” असं विचारून वर एक भाकरी जास्तीची टाकत.

“पर सर,” कांदा चिरायचं थांबवून त्या म्हणाल्या, “ज्या पोरी जेवल्या न्हाईत त्याबी आजारी पडल्या. ती जाधवाची पोर सोमवार धरती. तिनं आमटीला हातबी लावला न्हाई. नुसतं पानी प्याली. तवा ती टाकी बगा वर जाऊन. दिवाळीपासनं सांगतीया म्या रिसबूडसायबांना, झाकन उडालंय म्हनून.”

मी वर गेलो. वसतिगृहाच्या गच्चीवर लोखंडी शिडी होती, तिच्यावरून टाकीच्या कडेला. झाकण खरंच नव्हतं. त्याऐवजी पत्र्याचा एक तुकडा आडवा ठेवलेला, तोही अर्धा सरकलेला. आत पाण्यावर एक कबूतर तरंगत होतं. ते बऱ्याच दिवसांचं असावं. मी नाकाला रुमाल लावून खाली उतरलो आणि तडक रिसबुडांकडे गेलो.

त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “ओगले, तुम्ही वर कशाला चढलात? भाषेचा माणूस तुम्ही. पडला असतात म्हणजे?”

त्याच दुपारी टाकी रिकामी करून, घासून, तिच्यावर नवं झाकण बसवण्यात आलं. अहवालात टाकीचा उल्लेख आला तो असा: ‘पाण्याच्या टाकीची तपासणी केली असता ती स्वच्छ व झाकणबंद आढळली.’ तपासणीची तारीख दुसऱ्या दिवशीची होती. वाक्यात खोटं काहीच नव्हतं. तेही मीच लिहिलं होतं.

तर असं करत करत आम्ही शेवटच्या वाक्याशी येऊन थांबलो होतो. रिसबुडांना हवा होता ‘एन्टायरली’. म्हणजे सर्वस्वी. पूर्ण रुपया.

मी वर्गात या शब्दांवर एक तास घेत असे. ‘बहुतांशी’ एवढं एकच आपण मराठीत म्हणतो, पण इंग्रजीत त्याला किती घरं आहेत बघा, असं म्हणून मी फळ्यावर शिडी काढायचो. सगळ्यांत खाली ‘पार्टली’, सगळ्यांत वर ‘एन्टायरली’, आणि मधल्या पायऱ्यांवर ‘मोस्टली’, ‘मेनली’, ‘चीफली’, ‘लार्जली’. कुणाचा पाय कुठे ठेवायचा हे ज्याला कळलं त्याला इंग्रजी कळलं, असं माझं त्या वेळचं आवडतं वाक्य होतं. मुलं ते वहीत उतरवून घेत.

“‘पार्टली’ लिहावं असं मला वाटतं, सर,” मी धीर करून म्हणालो. अंशतः. ‘पार्टली’ लिहिलं असतं तर हौसाबाईंना ताकीद मिळाली असती आणि प्रकरण तिथे संपलं असतं. त्यापेक्षा वरची कुठलीही पायरी म्हणजे बडतर्फी. नोकरी जाणार आणि तिच्याबरोबर मेसच्या मागच्या त्या दोन खोल्याही. नवरा वारलेली बाई, पदरात एक मुलगा, माहेर कर्नाटकात कुठेतरी लांब. हे त्या वेळी आम्हा दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

रिसबूड हसले. माणूस वाईट नव्हता, हे आजही सांगतो. मुलांच्या फिया स्वतःच्या खिशातून भरणारा माणूस होता. फक्त त्या वर्षी त्यांची निवृत्ती होती आणि त्यांना डाग नको होता.

“‘अंशतः’ म्हटलं की वाचणारा लगेच विचारतो, उरलेला अंश कुणाचा?” ते म्हणाले. “उरलेला अंश तुमचा की माझा, ओगले?”

मी टाइपरायटरमधला कागद उगाच सरळ केला.

“तुमची फाइल परवाच पाहिली मी,” ते पुढे म्हणाले. “उत्तम काम आहे. जूनमध्ये अडचण येऊ नये असं मलाही वाटतं.”

धमकी म्हणावी तर आवाजात मायाच होती. मग त्यांनी चहा मागवला. शिपाई दोन कप घेऊन आला. बाहेर बसलेल्या बाईलाही चहा द्यावा असं मला वाटलं, पण मी तसं बोललो नाही.

आणि आता जे सांगायचं आहे ते सांगायची मला सगळ्यांत जास्त लाज वाटते. त्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटं माझी मजेत गेली. शब्द निवडण्यात मी रंगून गेलो. ‘मोस्टली’ बाजारू वाटला, तो खोडला. ‘चीफली’ला जुन्या सरकारी कागदांचा वास होता. ‘मेनली’ बरा होता, पण तो लिहिला की मागे दुसरी कारणंही हात वर करून उभी राहतात. मग ‘लार्जली’ सापडला. किती मऊ शब्द! उच्चारताना जिभेला कुठे टोचत नाही. तो दोष ठेवतो, पण बोट दाखवत नाही. उरलेला थोडा भाग आहे हे कबूल करतो, पण तो कुणाचा हे विचारायची इच्छाच वाचणाऱ्याला होऊ देत नाही. मी खुर्चीतल्या खुर्चीत सरसावून बसलो आणि हे सगळं रिसबुडांना समजावून सांगितलं, वर्गात सांगावं तसं.

“वा!” ते म्हणाले. “याला म्हणतात भाषेची जाण.”

मला गुदगुल्या झाल्या. आणि वर मी स्वतःची समजूतही घातली, की बघ, ‘एन्टायरली’वरून मी त्यांना ‘लार्जली’वर आणलं. दगडापेक्षा वीट मऊ. बाईसाठी जे करता येण्यासारखं होतं ते केलं. वीट डोक्यात घातली तरी माणूस मरतोच, हे मला त्या वेळी सुचलं नाही, किंवा सुचू दिलं नाही.

शब्द टाइप केला. कागद काढला, खालच्या दोन कार्बन प्रती वेगळ्या केल्या. तिन्ही प्रतींवर रिसबुडांनी सही केली, मी केली. मग शिपायाने हौसाबाईंना आत बोलावलं.

त्या दाराशीच चपला काढून आत आल्या आणि उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

“ओगले तुम्हाला अहवाल समजावून देतील,” रिसबूड म्हणाले आणि समोरची कसलीतरी फाइल उघडून तिच्यात बघू लागले.

मी पानं उलटत सांगू लागलो. मुली किती, तारीख कुठली, जबाब कुणाकुणाचे. त्या मान हलवत होत्या. टाकीपाशी आलो तेव्हा मी, “टाकीचीही पाहणी केली, ते लिहिलं आहे,” एवढंच म्हणालो. त्यांचा चेहरा उजळला.

“लिवलंय न्हवं? बास.”

मग शेवटचं वाक्य आलं.

“आणि शेवटी असं आहे, की या प्रकाराला तुम्ही... म्हणजे तुमची जबाबदारी... बऱ्याच अंशी...” मी अडखळलो.

“बऱ्याच अंशी म्हंजी?”

“म्हणजे बराचसा भाग.”

“बराचसा म्हंजी किती, सर?” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, भाजीचं माप विचारावं तसा साधा प्रश्न होता. “भात बराचसा शिजला म्हनून सांगितलं तर मला आच काढाय येत न्हाई. रुपयात किती आणे माझी चूक, तेवढं सांगा. म्या सही करती.”

केबिनमध्ये पंखा फिरत होता. रिसबुडांनी फाइलचं पान उलटलं नाही. ते ऐकत होते.

त्या आमटीला पूर्ण उकळी आली नव्हती. शिळं वाढलं होतं. तेवढी त्यांची चूक होती, आणि ती त्यांनी आपणहून सांगितली होती. बाकी सगळं त्या कबुतराचं आणि दिवाळीपासून न बसलेल्या झाकणाचं होतं. मला तो हिशेब स्पष्ट दिसत होता. इतका स्पष्ट, की उत्तर आपोआप तोंडातून बाहेर पडलं.

“चार आणे,” मी म्हणालो.

हौसाबाईंनी श्वास सोडला. दोन्ही हात जोडून कपाळाला लावले.

“आन् बारा आणे?”

“ते टाकीचे.”

“बराबर,” त्या म्हणाल्या. “अक्षी बराबर मापलंत, सर. चार आणे माझं हायेच. मी न्हाई म्हनत न्हाई. कुठं करू सही?”

मी एकेका प्रतीवर बोट ठेवलं. त्यांना सही येत होती, रात्रशाळेत शिकल्या होत्या. एकेक अक्षर दाबून, जीभ ओठांत धरून त्यांनी ‘हौसाबाई नलवडे’ असं लिहिलं. ज्या वाक्यात त्यांची नोकरी गेली होती त्याच्या बरोबर खाली. मग एक प्रत त्यांना दिली. ती त्यांनी चौघडी करून पदराला बांधली आणि पाठ न दाखवता, देवळातून निघावं तशा बाहेर गेल्या.

दार लागल्यावर रिसबूड म्हणाले, “छान समजावलंत, ओगले.”

मी हौसाबाईंना खरं सांगितलं होतं. खोटं फक्त इंग्रजीत लिहिलं होतं.

तीन आठवड्यांनी मुंबईहून पत्र आलं. हौसाबाईंना आठ दिवसांत खोल्या रिकाम्या करायला सांगितलं होतं. मुलींनी एक दिवस जेवण सोडलं, मग परीक्षा जवळ आल्या. खोल्या सोडायच्या आदल्या दिवशी सकाळी हौसाबाई माझ्या घरी आल्या. दार मी उघडलं. आता ही विचारणार, असं वाटलं. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

“सर, चार आण्याला एवढी शिक्षा असती का वो?” त्या म्हणाल्या. डोळे लाल होते, पण रडत नव्हत्या. “तुमी येवढं नीट लिवून दिलं, तरी वरच्यांनी तुमचंबी ऐकलं न्हाई.”

मी दाराची कडी उगाच वर-खाली करत राहिलो.

“तुमी काय मनाला लावून घिऊ नगा,” त्याच म्हणाल्या. “आन् माझ्यापायी त्येंच्याशी भांडू नगा. वैनींना दीस गेल्यात. तुमची नोकरी जायची.”

मग त्यांनी आत डोकावून कुमुदला हाक मारली आणि पिशवीतून डिंकाचे लाडू काढून तिच्या हातात ठेवले. बाळंतपणानंतर खायला म्हणून. कुमुद मला नंतर म्हणाली, “किती चांगली बाई. तुम्ही तिच्यासाठी काहीच करू शकला नाहीत का?” मी म्हणालो, “करायचं ते केलं.” एप्रिलच्या शेवटी मुलगी झाली. जूनमध्ये मी कायम झालो. ते लाडू कुमुदने खाल्ले. मी एकही खाल्ला नाही, आणि तेवढ्यावर आपण काहीतरी प्रायश्चित्त घेतलं असं मानून घेतलं.

हौसाबाई गाव सोडून गेल्या नाहीत. एसटी स्टँडच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी खानावळ काढली. कॉलेजचीच मुलं तिथे जाऊ लागली. दर बेंदराला, बैलांच्या सणाला, त्यांच्याकडून आमच्याकडे पुरणपोळ्यांचा डबा येई. मी दुसऱ्या कॉलेजवर बदली मागून घेतली आणि साताऱ्यात आलो, तर डबा एसटीच्या कंडक्टरबरोबर साताऱ्याला येऊ लागला. तीस वर्षांत एक बेंदूर चुकला नाही. मुलगी लहानपणी विचारायची, “बाबा, या आजी आपल्या कोण?” मी म्हणायचो, “ओळखीच्या.”

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आपल्याकडे म्हणतात. इथे संन्यासी दरवर्षी पुरणपोळ्या धाडत होता.

निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्या वर्षी, दसऱ्याच्या आधी, फोन आला. आवाज तरुण बाईचा होता. “सर, मी स्वरूपा नलवडे. हौसाबाईंची सून. आमच्या खानावळीची नवी जागा होते आहे. आई म्हणतात, फीत ओगलेसरांनीच कापायची. नाहीतर उद्घाटनच करणार नाही म्हणतात.”

मी कारणं सांगितली. गुडघे, रक्तदाब. तिने दसऱ्याला सकाळी गाडीच पाठवली.

जागा छान होती. खाली फरशी, भिंतींना पिवळा रंग, बारा टेबलं. हौसाबाई सत्तरीच्या झाल्या होत्या. पाठ वाकली होती, पण माझ्यासमोर आल्या तेव्हा तशाच हात जोडून आल्या. मुलगा आत शेगडीपाशी होता, दहावीनंतर तो आईच्या हाताखालीच आला होता. मी फीत कापली, टाळ्या झाल्या. मग हौसाबाईंनी माझा हात धरून मला गल्ल्यामागच्या भिंतीपाशी नेलं.

तिथे देवीचा फोटो होता, त्याच्याखाली परवाना, आणि परवान्याशेजारी प्लास्टिकमध्ये बसवलेली पिवळी पडलेली पानं, पाटीसारखी अडकवलेली. कार्बनचा निळा टाइप. शेवटच्या पानावर तीन सह्या. त्यांतली मधली माझी.

“वळखलंत का?” हौसाबाई म्हणाल्या. “इतकी वर्सं ट्रंकंत हुती. औंदा दुकानात न्हिऊन प्लास्टिक चढवलं. आपलं सर्टिफिकेट हाय हे. आल्यागेल्याला सांगती, सगळं जग सोळा आणे माझ्या पदरात घालाय निघालं हुतं, पर एका मानसानं चार आणे लिवले.”

जमलेली पाच-सहा माणसं माझ्याकडे आदराने बघत होती. कुणाचे वडील, कुणी स्टँडवरचा दुकानदार.

“पर मला कुनी ते वाचून दाखवलं न्हाई अजून,” हौसाबाई हसत म्हणाल्या. “ह्यो आमचा पोरगा इंग्रजीत नापास. आता सून आलीया शिकल्याली. शाळंत इंग्रजी शिकवती. मंगळवारपासनं म्हनतीया, वाच, वाच, तर हिला येळच न्हाई. स्वरूपा, ये गं. सरांच्या म्होरं वाच. मोठ्यानं.”

“हौसाबाई, राहू द्या,” मी म्हणालो. “जुनं कशाला उकरायचं?”

“न्हाई न्हाई. आज सोनं वाटायचा दीस. चांगलं वाचायचं.”

स्वरूपा पदराला हात पुसत आली. तिशीची असेल, चष्मा लावलेली, चेहरा शांत. तिने पानं खुंटीवरून काढून हातात घेतली आणि मनातल्या मनात वाचू लागली. तिचे डोळे ओळीमागून ओळ खाली सरकत होते. टाकीच्या परिच्छेदापाशी ती थोडी थांबली. मग शेवटचं पान. तिथे ती बराच वेळ थांबली. तिने वर बघितलं, सासूकडे नव्हे, माझ्याकडे.

मला वाटलं, वाच आता. मोठ्याने वाच. तीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते आज होऊन जाऊ दे. पण मनातून मी काय मागत होतो तेही सांगतो. ती अडाणी निघावी, तिला तो शब्द कळू नये, असं मागत होतो.

“काय लिवलंय गं?” हौसाबाईंनी विचारलं.

स्वरूपा पान समोर धरून, वाचल्यासारखं, स्पष्ट आवाजात म्हणाली, “असं लिहिलंय आई, की या प्रकाराला श्रीमती हौसाबाई नलवडे चार आणे जबाबदार आहेत. बाकीचे बारा आणे पाण्याच्या टाकीचे.”

“सांगत न्हवते?” हौसाबाई सगळ्यांकडे वळून म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. “शबुद न् शबुद तोच.”

स्वरूपाने पानं परत खुंटीला अडकवली आणि ती आत निघून गेली.

जेवण झालं. काय जेवलो ते सांगता यायचं नाही. गाडीपर्यंत सोडायला स्वरूपा आली. हौसाबाई दाराशी आपट्याची पानं वाटत होत्या.

“सर, एक विचारू?” ती हळू म्हणाली. “मलाही मुलांना शिकवायचं असतं. ‘लार्जली’ म्हणजे रुपयात किती आणे?”

“बारा,” मी म्हणालो. “चौदासुद्धा.”

“आणि आईंना तुम्ही चार सांगितलेत.”

“खरे चारच होते, बाई.”

“मग चारच लिहायचे होते, सर,” ती म्हणाली. तिचा आवाज चढलाही नाही. म्हणून तर तो आजपर्यंत कानातून जात नाही.

मी गाडीत बसलो नाही. वळलो आणि परत दाराकडे गेलो. ठरवलं होतं. सगळ्यांसमोर सांगायचं, तो कागद काढून त्यांच्या हातात द्यायचा, हवं तर पाय धरायचे. हौसाबाईंनी मला येताना पाहिलं आणि पानांची परडी बाजूला ठेवली.

“काय वो सर? काय राहिलं का?”

“हौसाबाई, मला...” मी म्हणालो. माझ्या मागे स्वरूपा येऊन उभी राहिल्याचं मला कळलं. समोर त्या वाट बघत होत्या, तशाच, बाकावर तीन तास बसून झाल्यावर उभ्या राहिल्या होत्या तशा, उत्तर मिळेल या खात्रीने.

“भात,” मी म्हणालो. “आजचा भात सोळा आणे झाला होता.”

हौसाबाई हसल्या आणि त्यांनी माझ्या हातावर आपट्याची दोन पानं ठेवली. मागे स्वरूपा मुकाट्याने आत गेली आणि उष्टी ताटं गोळा करू लागली.